मूठभर धान्यापासून हक्काच्या कामापर्यंत

देण्याघेण्याच्या व्यवहाराला मराठीत शब्दांची वाण नाही. भिक्षा, माधुकरी, दान, देणगी, वर्गणी, निधी हे सारे शब्द आपण नित्य वापरतो आणि पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांच्या पोटात निरनिराळी नाती दडलेली आहेत. भिक्षेत देणारा उंबरठ्याच्या आत असतो आणि घेणारा बाहेर. दानात देणाऱ्याला स्वतःच्या पुण्याचीही काळजी असते. वर्गणी देणारे मात्र पुष्कळ असतात, प्रत्येकाचा वाटा लहान असतो आणि जमलेल्या पैशाचा जाब विचारण्याचा अधिकार सर्वांना सारखा असतो. गरिबी हटविण्यासाठी महाराष्ट्राने गेल्या दीडशे वर्षांत जे पैसे जमविले त्यांचा इतिहास पाहू गेल्यास, दानाकडून वर्गणीकडे आणि वर्गणीकडून हक्काकडे जाणारी एक वाट दिसते. त्या वाटेवरचे चार-पाच मुक्काम आज आपणांपुढे मांडावे, असा आमचा विचार आहे.

पहिला मुक्काम १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचा. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा आणि कलादगी या भागांत पाऊस दगा देऊन गेला. दक्षिणेत मद्रास आणि म्हैसूर येथे तर त्याहून भयंकर स्थिती झाली. या दुष्काळाने हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे नेली, असा अंदाज केला जातो. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची आणि तलावांची कामे काढली. पण १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरीचे मान उतरविले गेले. दिवसभर कष्ट करणाऱ्या पुरुषास एक रत्तल, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा, असे ते मान होते. माणूस जगेल, पण सरकारी तिजोरीस भार होणार नाही, असा तो हिशेब!

त्यावर लोकांनी काय केले, ही आमच्या मते या साऱ्या इतिहासातील कळीची गोष्ट आहे. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून काम सोडले. भुकेल्या माणसाने पुढे आलेला घास नाकारावा, ही घटना लहान नव्हे. त्यांच्या पाठीशी पुण्याची सार्वजनिक सभा उभी राहिली. १८७० साली स्थापन झालेल्या या सभेचा सभासद होण्यास किमान पन्नास माणसांनी सह्या केलेले मुखत्यारपत्र लागत असे. सभासद आपल्यापुरते बोलत नसे, तो पन्नासांच्या वतीने बोले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनी दुष्काळी भागांतून माहिती मिळविली आणि ती सरकारपुढे अर्जांच्या रूपाने ठेवली. गावोगावची खरी स्थिती गोळा करून जबाबदार माणसापुढे ठेवणे, हेही मदतीचेच काम होते.

त्याच वर्षी महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम काढला आणि दुष्काळपीडितांच्या मुलांना जेवू घातले. त्यासाठी मे १८७७ मध्ये जोतीरावांनी समाजातर्फे मदतीचे आवाहन केले. सावित्रीबाईंनी एप्रिलमध्ये जुन्नरकडून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात तिकडच्या दुष्काळाचे वर्णन आढळते. या अन्नछत्राचे महत्त्व नुसत्या जेवणात नव्हते. ज्या समाजात पंगत जातीप्रमाणे बसत होती, तेथे जातिभेदाविरुद्ध उभी राहिलेली संस्था ताट वाढीत होती.

आता त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे काय चालले होते तेही पाहावे. ऑगस्ट १८७७ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरांनी मदतीची हाक दिली आणि लंडनच्या लॉर्ड मेयरांनी मॅन्शन हाउस येथे निधी उघडला. इंग्लंडातील शहरांतून आणि ऑस्ट्रेलियासारख्या वसाहतींतूनही पैसा आला. लाखो पौंड जमले. परक्या मुलखातील भुकेल्यांसाठी अनोळखी माणसांनी दिलेला तो पैसा मोलाचा होता, त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्याच काळात हिंदुस्थानचा गहू आगबोटींत भरून विलायतेस जातच होता. निधी एका दाराने येत होता आणि धान्य दुसऱ्या दाराने बाहेर पडत होते. नुसत्या निधीची मर्यादा येथे दिसते. तो आजची भूक भागवितो. भूक उत्पन्न करणाऱ्या व्यवस्थेला हात लावण्यास निराळे बळ लागते.

ते बळ पुष्कळांच्या सहभागातून येते, हे पुढील पिढीने ओळखले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना उचलून धरली. प्रत्येकाने एक पैसा द्यावा, एवढेच मागणे. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक रुपया जमविण्यास चौसष्ट माणसांना भेटावे लागे, चौसष्ट वेळा काम समजावून सांगावे लागे. एखाद्या शेठजींकडे गेल्यास हा खटाटोप वाचला असता. पण मग चौसष्ट मालकही मिळाले नसते. लोकमान्य टिळकांचा या कार्यास पाठिंबा होता. या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. लोकांच्या पैशाने लोकांना धंदा शिकवावा, हा त्यातला विचार होता.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तर याहूनही खाली हात घातला. ज्याच्याजवळ पैसाही नाही, त्याच्या घरी मूठभर धान्य तरी असते. जात्यावर बसण्यापूर्वी बाईने एक मूठ बाजूला काढावी आणि ती वसतिगृहातील मुलांच्या भाकरीसाठी द्यावी, ही मूठफंडाची योजना. रयत शिक्षण संस्था १९१९ साली निघाली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून, एका पंगतीत जेवून शिकू लागली. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण जाणतोच. परंतु ज्या अनाम बायांनी रोजच्या पिठातून मूठ काढली, त्यांचेही ऋण तितकेच मोठे आहे. आपल्या मुठीवर महाराचे मूलही जेवते आणि मराठ्याचेही, हे त्यांना ठाऊक होते. अस्पृश्यतेविरुद्ध व्याख्यान ऐकणे सोपे. त्यासाठी पीठ काढून देणे अवघड.

गाडगेबाबांचे कीर्तन हाही लोकांना जमविण्याचाच उत्सव होता. सकाळी गाव झाडायचे, रात्री कीर्तनात जातिभेद, कर्ज, दारू आणि नवसापोटी होणारी पशुहत्या यांवर कोरडे ओढायचे. श्रीमंतांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण बाबा स्वतः गाडग्यात भाकरी खात राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. लोकांकडून घेतलेली वास्तू, ज्यांना देवळाबाहेर ठेवले होते त्यांच्याच मुलांच्या शिक्षणास लागावी, असा तो निर्णय होता.

ही दृष्टी आपल्या मुलखापुरतीच राहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा, १९३८ साली, स्वतः पारतंत्र्यात असलेल्या या देशात चीनसाठी निधी जमविण्यात आला आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस परतले नाहीत. जखमींची सेवा करीत असता डिसेंबर १९४२ मध्ये त्यांनी उत्तर चीनमध्ये देह ठेवला. आपली अडचण सरली म्हणजे दुसऱ्याचे पाहू, असे त्या पिढीने म्हटले नाही.

आता शेवटच्या आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या मुक्कामाकडे वळू. १९७२ साली महाराष्ट्रात पुन्हा भीषण दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. शेकडो कुटुंबे गाव सोडून मुंबईच्या उपनगरांत आली. पण १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी, मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी शासनाची, हा विचार आधीपासून मांडला होता. मोर्चे निघाले, घेराव झाले, आणि त्यांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली संसदेनेही देशासाठी कामाच्या हमीचा कायदा केला.

या योजनेस पैसा कोठून आला? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला. कारखान्यातील कामगार, कचेरीतील कारकून, शाळेतील मास्तर यांच्या पगारातून महिन्याकाठी काही रुपये कापले जाऊ लागले, आणि तेवढीच भर सरकारने घालावी असे ठरले. कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळी येथील कारखान्यांच्या भोंग्यावर जाणारा कामगार सातारा-सांगलीकडच्या खडी फोडणाऱ्या बहिणीसाठी वर्गणी देत होता. फक्त पावतीपुस्तक घेऊन कोणी दारी येत नव्हते. पगारपत्रकावरील त्या लहानशा कपातीला आम्ही महाराष्ट्राचा सर्वांत मोठा मूठफंड म्हणतो. ती घेणाऱ्या बाईला कोणाचे उपकार मानावे लागत नव्हते; तिने कामाचे दाम घेतले होते. कामे वेळेवर न निघणे, मजुरी रखडणे, हजेरीपटात खोटी नावे घुसणे, हे दोषही या योजनेत शिरले आणि त्यांविरुद्ध मजुरांनाच पुन्हा झगडावे लागले. तथापि झगडण्यास पायाखाली कायदा होता, हा १८७७ पासूनचा फरक.

मग वर्गणीचे काम संपले काय? आम्हांस तसे वाटत नाही. कायदा मागण्यासाठी, आणि झालेला कायदा राबविण्यासाठी राबणारी माणसे लागतात, आणि त्यांनाही पोट असते. हे जाणून डॉ. श्रीराम लागू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला, आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्याची प्रथा घातली. निधीच्या नावात दया नाही, कृतज्ञता आहे, हे लक्षात घ्यावे.

आपल्या उपनगरांतील चाळींतून गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या बैठका भरत आल्या आहेत. नमनाचा खेळ लावावा, तिकिटे खपवावी, आणि शिलकीतून गावच्या शाळेवर पत्रे घालावे, ही रीत कोकणी आणि घाटी चाकरमान्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. या सर्व इतिहासाकडे पाहता आम्ही मंडळांना एवढेच सुचवू : जमाखर्च वाचून झाला की सभेत आणखी दोन प्रश्न घ्यावे. ज्याच्यासाठी हा पैसा जमविला, त्याला या सभेत बोलता आले काय? आणि पुढील वर्षी त्याला आपल्याकडे येण्याची गरज पडू नये म्हणून, सरकारदरबारी कोणता अर्ज आपण त्याच्याबरोबर केला?