इंधनबचतीचे वाहनचालन : पाटस परिसर

गाडीत कोणताही फेरफार न करता, केवळ चालवण्याच्या सवयी बदलून लिटरमागे जास्त किलोमीटर मिळवण्याची रीत. पाटस (ता. दौंड, जि. पुणे) हे गाव पुण्यापासून सुमारे ६० किमीवर, पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ६५ वर आहे. येथे टोलनाका असून दौंड आणि बारामतीकडे जाणारे रस्ते येथून फुटतात. पुणे ते पाटस हा चौपदरी रस्ता जवळपास सपाट आहे, त्यामुळे इंधन खाणारी मुख्य गोष्ट चढ नसून वेग आहे.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी १०० किमीवरून ८० वर आणला, की हा रोध सुमारे ३६ टक्क्यांनी घटतो. ६० किमीच्या अंतरात त्यासाठी मोजावी लागतात फक्त ९ मिनिटे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो. अशा वेळी पुण्याकडे जाताना तो समोरून येतो आणि तोच वेग जास्त पेट्रोल मागतो.

गळिताच्या हंगामात चित्र बदलते. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना आहे आणि आसपास उसाचे पट्टे आहेत. ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर महामार्गावर येतात. त्यांच्या मागे जाऊन करकचून ब्रेक मारायचा आणि मग अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबायचा, ही येथली सर्वांत खर्चिक सवय. ट्रॉली दुरून दिसताच पाय उचलावा. टोलनाक्याजवळ येतानाही तसेच. ब्रेकमध्ये जाणारी उष्णता हे जळून गेलेले इंधनच असते.

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकण्याची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली. आजच्या इंजेक्शन यंत्रणेत गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिन मंदगतीपर्यंत उतरेपर्यंत इंधनाचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. बारामती रस्त्यावरचा, तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचा रोटी घाट उतरताना म्हणूनच गिअर सोडू नये. तिथे न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, हा धोका पैशांच्या हिशेबाहून मोठा आहे.

टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासावी. धावून तापलेल्या टायरचा दाब फसवा, वाढीव दिसतो. कमी हवेचा टायर जड फिरतो. छतावरचे रिकामे कॅरिअर काढून ठेवावे.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. या भागातल्या ऊस उत्पादकांना त्याचा बाजार मिळतो, हे चांगलेच. पण इथेनॉलची उष्णता आकारमानाने पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे मिश्रणाची ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी घटते. महामार्गावर वेग १०० वरून ८० वर आणल्यास ही तूट भरून निघते आणि वर काही उरतेही.

जाहिरातीतला अ‍ॅव्हरेजचा आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरावीक वेगचक्रात मोजलेला असतो. अशा चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. आपल्या गाडीचा खरा आकडा हवा असेल, तर टाकी फुल्ल करून किलोमीटर टिपावेत, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करावी आणि भरलेल्या लिटरने भागावे.