कोरिडोरास

गिरगावकरांना १९५१ पासून परिचित असलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने काचेपलीकडील मीनसृष्टीविषयी जे कुतूहल या शहरात रुजविले, त्याच्याच पोटी घरोघरच्या काचपेट्यांत आलेल्या दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतील एका चिमुकल्या मत्स्याला क्रॉफर्ड मार्केटातील दुकानदार ‘कोरी’ म्हणतात. मात्र मराठी ‘कोरा’ या विशेषणाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

मूळ नाम ‘कोरिडोरास’. फ्रेंच प्रकृतिशास्त्रज्ञ लासेपेद याने १८०३ साली, ग्रीक ‘कोरिस’ म्हणजे शिरस्त्राण आणि ‘डोरा’ म्हणजे चर्म यांवरून ते सिद्ध केले. ग्रीक महाकवी होमरने आपल्या महाकाव्यातील वीर हेक्टरला दिलेल्या ‘लखलखत्या शिरस्त्राणाचा’ या विशेषणात हाच ‘कोरिस’ आहे. या मत्स्याला खवले नसून दोन्ही कुशींवर अस्थिपट्टांच्या दोन-दोन ओळी असतात. म्हणून संस्कृत ‘शिरस्त्राण’ आणि फारसीतून आपल्या दप्तरांत दाखल झालेले ‘चिलखत’, हे दोन्ही शब्द त्यास यथार्थ शोभतात.

‘पिग्मीयस’ ही २०२४ पर्यंत कोरिडोरासमध्येच गणली जाणारी जाती जेमतेम अडीच सेंटिमीटरांची. कोपरापासून मुठीपर्यंतचे माप दर्शविणाऱ्या ग्रीक शब्दातून तिचे नाव निघाले. एवढ्याशा देहाला महाकाव्यातील वीराचे शिरस्त्राण बहाल करणारी शास्त्राची परिभाषा रुक्ष नसते, सूक्ष्म निरीक्षणाइतकीच ती काव्यालाही जागते, असे माझे निश्चित मत आहे.