उघडें दार : पंडिता रमाबाईंचें शिष्यत्व

इ. स. १८९३ सालीं पुण्यांत एका खोलीच्या उघड्या दारावरून मोठें वादळ उठलें. शारदासदनाच्या चालक पंडिता रमाबाई आपल्या खोलींत नित्य प्रार्थना करीत. त्या वेळीं दार उघडें असे आणि सदनांतील कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसत. मुलींना तेथें येण्याची मनाई असावी, असें विरोधकांचें म्हणणें होतें. बाईंनीं तें मान्य केलें नाहीं. मागणी दिसावयास लहान होती. परंतु तिच्यामागें उभा असलेला प्रश्न लहान नव्हता. ज्या गुरूचें शिष्यत्व पतकरलें, त्याच्याशीं इमान राखण्यासाठीं मनुष्यानें काय काय गमवावें?

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें. तोच वारसा मुलीकडे आला. तीर्थयात्रा करीत फिरणाऱ्या या कुटुंबांतील आईबाप दुष्काळांत दगावले. पुढें १८७८ मध्यें कलकत्त्याच्या विद्वानांनीं या तरुण मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविलें. १८८० मध्यें बिपिनबिहारी मेधवी यांच्याशीं विवाह झाला आणि १८८२ मध्यें वैधव्य आलें. त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. सुशिक्षित महाराष्ट्रानें त्यांस डोक्यावर घेतलें होतें.

ही सारी प्रतिष्ठा त्यांनीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं पणास लावली. वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूनें त्या इंग्लंडला गेल्या होत्या. ऐकूं कमी येत असल्यामुळें तो हेतु सुटला. वाँटेजच्या मठांतील भगिनी पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करीत, ती त्यांनीं पाहिली. या सेवेचें मूळ त्यांस योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीच्या कथेंत सांपडलें, आणि त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. स्वदेशीं निंदेचा वर्षाव झाला. जोतीराव फुल्यांसारखे त्यांची बाजू घेणारे थोडेच निघाले.

समाजाचा रोष सोसणें कठीण खरेंच. परंतु ज्यांनीं आश्रय दिला, त्यांच्या पुढें ताठ उभें राहणें त्याहून कठीण. इंग्लंडांतील धर्मगुरूंची अपेक्षा अशी कीं, नव्या शिष्येनें चर्चची शिकवण मुकाट्यानें मान्य करावी. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीं रमाबाईंस शंका होत्या, त्या त्यांनीं उघड बोलून दाखविल्या. क्रुसावरील लॅटिन अक्षरें आपल्या देशबांधवांस कळणार नाहींत, तेथें संस्कृत असावें, असा आग्रह धरिला. चेल्टनहॅम येथें असतांना, त्यांनीं पुरुषांस शिकवूं नये असें बिशपांनीं सुचविलें, तेंही त्यांस रुचलें नाहीं. एका पुरोहितवर्गाच्या सत्तेंतून सुटून दुसऱ्याच्या सत्तेखालीं जाण्यास त्या तयार नव्हत्या. त्यांच्या लेखीं ख्रिस्ताचें शिष्यत्व आणि त्याच्या नांवानें चालणाऱ्या संस्थेचें अंकितत्व या दोन भिन्न गोष्टी होत्या.

तिसरा विरोधक बाहेरचा नव्हता. लहानपणापासून वादसभा जिंकलेल्या बुद्धीस नतमस्तक होणें अवघड जातें. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांस उमगलें कीं ख्रिस्ती धर्म हातीं आला, पण ख्रिस्त अद्याप भेटलाच नाहीं. ही कबुली त्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविली.

या पार्श्वभूमीवर उघड्या दाराचा अर्थ नीट कळतो. शारदासदन १८८९ मध्यें मुंबईस निघालें आणि १८९० मध्यें पुण्यास आलें. अमेरिकेंतील मंडळानें त्यास द्रव्य दिलें, तें धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याच्या अटीवर. विधवांस आपापले आचार पाळण्याची तेथें मोकळीक होती. पुढें १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई या याच सदनाच्या विद्यार्थिनी. मुली प्रार्थनेस बसूं लागल्या, तेव्हां पालकांस धक्का बसला. विश्वासानें मुली स्वाधीन करणाऱ्यांची ती भीति अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. ‘केसरी’नें कडक टीका केली. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या थोर हितचिंतकांनीं संबंध सोडला आणि सुमारे २०–२५ मुली काढून नेण्यांत आल्या. रमाबाईंचें म्हणणें साधें होतें : मीं कोणास बोलाविलें नाहीं, पण आलेल्यास घालवूनही देणार नाहीं, आणि आपली श्रद्धा लपविणार नाहीं.

त्या वेळीं कोणासही वाटलें असतें कीं संस्था बुडाली. पण १८९६–९७ च्या दुष्काळांत त्या मध्य प्रांतांत गेल्या आणि शेंकडों अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. ज्या दुष्काळानें आईबाप नेले, त्याच्याच तोंडून त्यांनीं परक्यांचीं लेंकरें सोडविलीं. केडगांवच्या माळावर मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती हजाराच्या वर गेली. शेती, विणकाम, छपाई हीं कामें मुली शिकल्या. त्याच धामधुमींत बाईंनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून सामान्य स्त्रियांस समजेल अशा सोप्या मराठींत बायबलाचें भाषांतर आरंभिलें.

१९२१ मध्यें एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्या दुःखांतही भाषांतराचें काम थांबलें नाहीं. तें पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला.

शिष्यत्व म्हटलें म्हणजे हुतात्म्यांचीं चित्रें डोळ्यांपुढें येतात. रमाबाईंस तशा प्रसंगास तोंड द्यावें लागलें नाहीं. त्यांस पुनःपुन्हां एवढेंच करावें लागलें : स्तुति होत असतां सत्य सांगणें, उपकारकर्त्यांस नकार देणें, स्वतःच्या बुद्धीस नमविणें आणि सोडून गेलेल्यांविषयीं कडवटपणा न धरतां हातांतलें काम चालू ठेवणें. अशा निष्ठेची परीक्षा एका दिवसांत होत नाहीं. ती जन्मभर, रोज सकाळीं, खोलीचें दार उघडें ठेवण्यांत होते.