पैसे कुणी दिले तिला?

गेल्या दिवाळीत सोलापूरला घरी गेलो होतो. फराळाचं आटपल्यावर आईला लॅपटॉपवर 'बेबी बूम' दाखवला. १९८७ चा हॉलिवूडपट. डोक्याला ताप नाही, शेवट गोड, म्हणून निवडला. मी चालता चालता मराठीत सांगत होतो आणि आई शेंगांच्या पाकिटांवर लेबलं चिकटवत बघत होती.

गोष्ट सोपी आहे. जे. सी. वायट ही मॅनहॅटनमधली मॅनेजमेंट कन्सल्टंट. भूमिका डायान कीटनची. कंपनीत भागीदारी मिळायच्या बेतात असताना दूरच्या नातेवाइकाची तान्ही मुलगी अचानक तिच्या पदरात येते. मीटिंगांची घडी विसकटते, बॉस मोठं काम काढून हाताखालच्या पोराकडे देतो. ती नोकरी सोडते, व्हरमाँटमध्ये जुनं घर घेते. तिथे नळ फुटतात, विहीर आटते, पैसे संपत येतात. बागेतल्या सफरचंदांचा गर करून ती बाळाला भरवते, मग तोच बरण्यांत भरून दुकानात ठेवते. शहरातून आलेले पर्यटक त्यावर तुटून पडतात आणि 'कंट्री बेबी' नावाचा धंदा उभा राहतो.

इथे संगीत वाजतं, दृश्यं भराभर बदलतात, ऑर्डरी वाढतात. आईचा हात थांबला. "एवढ्या बरण्या आणल्या कुठनं हिनं? पैसे कुणी दिले रे तिला?"

मला उत्तर देता आलं नाही. चित्रपट त्यावर रेंगाळत नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि पुण्याला परतल्यावर मी वाचायला बसलो.

'बेबी बूम' ऑक्टोबर १९८७ मध्ये अमेरिकेत लागला. दिग्दर्शक चार्ल्स शायर, लेखन त्यांचं आणि नॅन्सी मेयर्स यांचं. त्या काळातल्या अमेरिकेत बाईला कर्ज मिळणं ही काय भानगड होती?

१९७४ पर्यंत बँकेने विवाहित बाईकडे नवऱ्याची सही मागणं ही रोजची गोष्ट होती. घटस्फोटित किंवा विधवा असेल तर अर्जच मागे यायचा. त्या वर्षी 'इक्वल क्रेडिट अपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट' आला आणि कर्ज देताना लिंग किंवा वैवाहिक स्थितीवरून भेदभाव करायला बंदी झाली. कागदावर प्रश्न मिटला. पण धंद्याच्या कर्जाला या कायद्याच्या नियमांत बऱ्याच सवलती ठेवल्या होत्या. घरगुती कर्जाला जी शिस्त बँकांना पाळावी लागे, ती व्यवसायाच्या कर्जाला तितकीशी लागू नव्हती. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'एज केस' म्हणतो, तसा धंदा करणाऱ्या बाईचा मामला त्यात सुटून गेला होता.

१९८८ मध्ये न्यूयॉर्कचे खासदार जॉन लाफाल्स अध्यक्ष असलेल्या लघुउद्योग समितीने बायकांच्या व्यवसायांबद्दल सुनावण्या घेतल्या. त्यामागे १९७५ साली स्थापन झालेल्या महिला उद्योजकांच्या संघटनेचा, 'नावबो'चा, पाठपुरावा होता. त्यातून एच. आर. ५०५० हे विधेयक आलं. २५ ऑक्टोबर १९८८ रोजी अध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली. 'बेबी बूम' पडद्यावर आल्यानंतर साधारण एका वर्षाने. चित्रपटामुळे कायदा झाला असं अजिबात नाही. पण दोन्ही एकाच हवेतले आहेत.

या कायद्याने व्यवसायाच्या कर्जाच्या अर्जांच्या नोंदी ठेवणं आणि अर्ज नाकारला तर लेखी कारण मागण्याचा हक्क आहे हे अर्जदाराला कळवणं बँकांवर आलं. राष्ट्रीय महिला व्यवसाय परिषद स्थापन झाली, प्रशिक्षण केंद्रांना निधी मिळाला. मला सगळ्यात लक्षवेधी वाटली ती मोजणीची तरतूद. तोपर्यंत बायकांच्या मालकीच्या धंद्यांची सरकारी गणना करताना मोठ्या कंपन्यांचा एक अख्खा प्रकार, 'सी कॉर्पोरेशन', वगळला जात होता. म्हणजे बाईचा धंदा पुरेसा मोठा झाला की तो आकड्यांतून गायब! मग बायकांचे धंदे छोटेच असतात असं म्हणायला सगळे मोकळे.

या कायद्याचा इतिहास सांगताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. एका बाईला धंद्यासाठी कर्ज हवं होतं. बँकेला घरातल्या पुरुषाची सही पाहिजे होती. तिने ती तिच्या सतरा वर्षांच्या मुलाची आणली.

हे वाचलं आणि मी फोन खाली ठेवला.

आई गेली चौदा वर्षं शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकत होती. २०१९ मध्ये तिला कांडप मशीन घ्यायचं होतं. आम्ही बँकेत गेलो. बाबांची सही चालेना, कारण ते निवृत्त, पेन्शन नाही. "मुलगा काय करतो?" साहेबांनी विचारलं. मला नोकरी लागून सात महिने झाले होते. माझी पगाराची स्लिप चालली, जामीनदार म्हणून मी सही केली. पुरुषालाही जामीनदार मागतात हे मला मान्य आहे. पण हप्ता, व्याज, मुदत, सगळं साहेब माझ्याकडे बघून समजावत होते. चौदा वर्षांच्या हिशोबाच्या वह्या आईच्या मांडीवरच्या पिशवीत होत्या. त्या कुणी उघडायला सांगितल्या नाहीत आणि मीही म्हटलं नाही की वह्या बघा. उलट घरी येताना मला भारी वाटत होतं, आईसाठी काहीतरी केलं म्हणून.

'बेबी बूम'वर टीकाही झाली. सुझन फलुदी यांनी १९९१ च्या 'बॅकलॅश' या पुस्तकात त्याचा समाचार घेतला. करिअर की मूल, असं बाईला निवडायला लावणाऱ्या त्या दशकाच्या सुरात हा चित्रपटही सूर मिसळतो, असा त्यांचा रोख. ते पटतंही. विचारणारी बाई व्हरमाँटला गेली आणि मॅनहॅटनचं ऑफिस होतं तसंच राहिलं.

तरी शेवटाचा प्रसंग मला सोडवत नाही. जुनी कंपनी तिचा धंदा विकत घेऊन द्यायला तयार असते, तीस लाख डॉलरना. ती नाही म्हणते. २८ वर्षांनी, २०१५ मध्ये, नॅन्सी मेयर्स यांनीच 'द इंटर्न' केला. त्यातल्या ज्यूल्सची कंपनी दीड वर्षात २२० माणसांची झालेली असते आणि गुंतवणूकदारांना तिच्या डोक्यावर अनुभवी सीईओ आणायचा असतो. तीही अखेर नाही म्हणते. दोन्ही चित्रपट हलकेफुलके, पण दोन्हींत प्रश्न एकच: धंदा तू उभा केलास, पण सांभाळायला दुसरं कुणी बघूया का? १९८७ पासून २०१५ पर्यंत कायदा बदलला, ऑफिसं चकाचक झाली, तो प्रश्न मात्र तिथेच होता.

आईने ते कर्ज मुदतीआधी फेडलं. माझ्या खात्यातून एकही हप्ता गेला नाही. यंदा पॅकिंग मशीनसाठी ती पुन्हा बँकेत गेली, या वेळी एकटी. मी रात्री फोन केला.

"काय म्हणाले?"

"मुलगा नाही आला का, म्हणाले."

"मग?"

"म्हटलं, तो कामावर आहे. वह्या मी आणल्यात, त्या बघा आधी."

"बघितल्या?"

"दोन बघितल्या. उरलेल्या घेऊन सोमवारी बोलावलंय."