किल्लीची विद्या

लहानपणी आपण सगळ्याच ‘च’च्या भाषेत बोललोय. पाणी म्हणायचं तर ‘चणीपा’. आईला कळू नये म्हणून बोलायचं, आणि आईला ती भाषा आपल्याआधीच येत असायची!

गुप्त लिहिण्याची कला फार जुनी. वात्स्यायनाने स्त्रियांनी शिकाव्या म्हणून ज्या ६४ कला सांगितल्या, त्यांत ती ‘म्लेच्छितविकल्प’ या नावाने आहे. पुढे मात्र ती दरबारात आणि सैन्यातच अडकली. १८८३ मध्ये पॅरिसमध्ये केर्कहॉफ्स नावाच्या शिक्षकाने लिहिलं, की पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, किल्ली कळता कामा नये. ‘च’ची भाषा इथेच फसते. तिला किल्लीच नाही.

आम्हाला यात सगळ्यात आवडली ती जोन क्लार्क. केंब्रिजला गणितात पहिला वर्ग, पण पूर्ण पदवी नाही. तिथे बायकांना ती १९४८ पासून मिळू लागली. १९४० मध्ये ती इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मन आरमाराचे गुप्त संदेश उलगडायला लागली. आधी नेमणूक कारकुनांत. पगार वाढवायचा तर गणित करणाऱ्या बाईसाठी वरचं पदच नव्हतं, म्हणून कागदावर तिला भाषातज्ज्ञ केलं. फॉर्म भरताना तिने मजेने लिहिलं, पद भाषातज्ज्ञ, येणाऱ्या भाषा एकही नाही. १९४४ मध्ये तीच त्या विभागाची उपप्रमुख झाली.

१९७६ मध्ये अमेरिकेत डिफी आणि हेलमन यांनी एक रीत उघडपणे छापली. कधी न भेटलेल्या दोघांनी सगळ्यांदेखत बोलूनही आपली गुप्त किल्ली ठरवायची! तिथून ही विद्या कॉलेजात आली. मोबाईलवरचा बँकेचा व्यवहार अशाच गणितावर चालतो. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीलाही संगणक सुरक्षा शिकवतात.

कळंबोलीत आमच्या गटातल्या एकीच्या मुलीला हाच विषय घेऊन पुढे शिकायचंय. फीसाठी गटातून कर्ज मागितलं, तेव्हा कुजबुज झाली, पोरीला हे कशाला? पहिला हात वर केला तो फोनवर ओटीपी सांगून शिलाईचे पैसे घालवलेल्या ताईने. त्याच मुलीने तिला समजावलं होतं, की ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. ताई म्हणाली, “म्हणजे मी चोराला किल्ली घरपोच दिली. हिला शिकू द्या बाई.”

कर्ज मंजूर झालं. पहिला हप्ता पुढच्या बैठकीत.