छावणीतला शिधा आणि बाजारातली हातगाडी

निर्वासित म्हटलं की आपल्याला सीरिया, युक्रेन आठवतं. पण 1948 साली, हे गाव अजून मोमिनाबाद होतं तेव्हा, रझाकारांच्या भीतीने मराठवाड्यातली अनेक कुटुंबं बार्शी-सोलापूरकडे गेली होती. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि ती परतली. सिंधमधून आलेल्यांना मात्र परतीची वाट नव्हती. म्हणून त्यांचं काय झालं, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कल्याणजवळच्या महायुद्धकाळातल्या लष्करी बराकींत सुमारे 1 लाख माणसं राहायला आली. सुरुवातीला सरकारी शिधा मिळे. पण बरेच जण शिध्यावर बसून राहिले नाहीत. पापड, गोळ्या, कापड घेऊन लोकलने मुंबई गाठायची, फुटपाथवर विकायचं. जुने दुकानदार कुरकुरले : हे अगदी थोड्या नफ्यावर विकतात, आमचं गिऱ्हाईक तोडतात. तक्रार खोटी नव्हती. गिऱ्हाइकाला माल स्वस्त मिळाला आणि दुकानदाराचा गल्ला घटला, दोन्ही एकाच वेळी. नुसती बेरीज सांगणारे हे विसरतात. 8 ऑगस्ट 1949 ला छावणीचं उल्हासनगर झालं. पुढे तिथे कारखाने निघाले, जीन्सचा धंदा वाढला आणि बाहेरगावची माणसं तिथे मजुरीला येऊ लागली. ('मेड इन यूएसए'चा विनोद तुम्हाला माहीत आहेच!)

हे जमलं कशामुळे? सिंधी माणूस कष्टाळू, एवढ्यावर आपण थांबतो. पण घटनेच्या कलम 6 ने त्यांना नागरिक मानलं, आणि कलम 19 मधलं व्यवसायाचं स्वातंत्र्य नागरिकालाच आहे. हातगाडी लावायला त्यांना निर्वासित म्हणून वेगळी परवानगी मागावी लागली नाही.

आज आश्रय मागणाऱ्या परदेशी माणसाला आपल्याकडे तो हक्क नाही. 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. ब्रिटनमध्ये अर्जाचा निकाल 12 महिने लांबला तरच कामाची परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांसाठी. पण परवानगी नाही म्हणून पोट थांबतं का? माणूस लपूनछपून, पडेल त्या मजुरीत राबतो. मालकाला तो सोयीचा, कारण तो तक्रार करणार नाही. त्याच्या शेजारी काम करणाऱ्या स्थानिकाची मजुरीही मग दबते.

बीड जिल्ह्यात हे फार समजावून सांगायला नको. आपला कोयता दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे साखरपट्ट्यात जातो. नवरा-बायको दोघंही नागरिक, मतदार, कामाला बंदी कसली नाही. तरी मुकादमाची उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मुकादम बदलायचा तर आधी जुनी उचल फेडायची, आणि ती फेडायला नव्या मुकादमाकडूनच उचल घ्यायची.