मंदस्वर जॅझ आणि न्यूयॉर्कचा कॅबरे कायदा

उतारवयातील जॅझरसिक ज्या प्रकारच्या मद्यगृहाच्या शोधात असतात, त्याचे स्वरूप बहुधा ठरलेले असते : लहानसे दालन, एक पियानो, त्याच्या साथीला डबल बास, आणि शेजाऱ्याशी हलक्या आवाजात बोलता येईल इतपतच नाद. वय वाढले की रुची आपोआप सौम्य होते व तिला अनुरूप अशी स्थळे निर्माण होतात, असा सर्वसाधारण समज आहे. न्यूयॉर्क शहराचा इतिहास पाहता मात्र हा समज अपुरा ठरतो. तेथील या सौम्यतेच्या मुळाशी रसिकांच्या रुचीबरोबरच नगरशासनाचा एक कायदाही होता.

१९२६ साली न्यूयॉर्कमध्ये कॅबरे कायदा अमलात आला. ज्या स्थळी खाद्यपेयांच्या विक्रीबरोबर वादन, गायन अथवा नृत्य चालते, त्या स्थळास परवाना आवश्यक ठरला. पॉल शेव्हिनी यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या कायद्याची सविस्तर चिकित्सा केली असून, जॅझविषयीचा व तो वाजविणाऱ्या कृष्णवर्णीयांविषयीचा संशय त्यामागे कसा कार्य करीत होता, हे दाखविले आहे. हा संशय केवळ स्थळांपुरता मर्यादित राहिला नाही. १९६७ पर्यंत कलावंतांनाही पोलिसांचे ओळखपत्र बाळगावे लागे. ते हिरावले गेल्यामुळे थेलोनियस मंक यांच्यासारख्या श्रेष्ठ पियानोवादकास १९५१ ते १९५७ या काळात शहरातील मद्यगृहांत वादन करता आले नाही.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो या कायद्यातील अपवाद. तीनपेक्षा अधिक वादक नसतील आणि ते केवळ पियानोसारखी वाद्ये किंवा तंतुवाद्ये वाजवीत असतील, तर परवान्याची गरज नसे. सुषिर वाद्ये व आघातवाद्ये मात्र या सवलतीतून वगळलेली होती. म्हणजेच ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम ही जॅझची प्रमुख वाद्येच लहान मद्यगृहांना वर्ज्य झाली. मालकापाशी उरला तो पियानो आणि बास यांचा संवाद.

युनिव्हर्सिटी प्लेसवरील ‘ब्रॅडलीज’ हे १९६९ साली उघडलेले मद्यगृह या संवादाचे उत्कृष्ट उदाहरण होय. टॉमी फ्लॅनगन, जिमी रोल्स यांच्यासारखे पियानोवादक तेथे वाजवीत. सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंड १९७७ साली निवर्तले, तेव्हा त्यांनी आपला पियानो मृत्युपत्राद्वारे याच स्थळास दिला. ज्याचे स्वतःचे वाद्य सवलतीबाहेरचे होते, अशा कलावंताने तेथे पियानो ठेवून जावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

व्हायब्राफोनवादक वॉरन शॅसन प्रभृतींनी या निर्बंधास न्यायालयात आव्हान दिले. १९८६ साली वाद्यावाद्यांतील भेद आणि १९८८ साली तीन वादकांची मर्यादा न्यायालयाने अमान्य केली. त्यानंतर ‘ब्रॅडलीज’मध्येही ड्रम आले; १९९६ साली केनी बॅरन यांचे तेथे जे ध्वनिमुद्रण झाले, त्यात पियानो व बास यांच्याबरोबर बेन रायली यांचे ड्रमवादन आहे. त्याच वर्षी ते मद्यगृह बंद पडले. मूळ कायदा मात्र नृत्यावरील निर्बंधाच्या रूपाने २०१७ पर्यंत टिकून होता.

यावरून मंदस्वर जॅझ ही निव्वळ कायद्याची निर्मिती होती, असा निष्कर्ष काढणे उचित नव्हे. दोन वादकांचा मेहनताना चौघांपेक्षा कमी पडतो, हे व्यवहारातले कारणही होतेच. शिवाय न्यूयॉर्कबाहेरही अशा बैठकी होत आल्या आहेत. तथापि आज ज्या शांततेत प्रौढ श्रोत्यास समाधान लाभते, तिच्यात एकेकाळी कित्येक वादकांचे सक्तीचे मौन मिसळलेले होते, हे विसरता येत नाही. कलावंतांनी त्या सक्तीतूनही एक सूक्ष्म वादनशैली घडविली, हे श्रेय त्यांचे आहे. ते कायद्याच्या पदरात टाकता येणार नाही.